गाडी आल्यावरची गोळी

राजनंदिनीने ती गोष्ट हसण्यासाठीच सांगितली होती, आणि वर्गात सगळ्या हसल्या. पुजाही हसली. इतरांपेक्षा जरा जास्तच हसली.

गोष्ट काही फार मोठी नव्हती. हिंगोलीत खताच्या दुकानावरच्या खोलीत गोपीचंद सरांचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग भरायचा. नर्सिंग शिकलेल्या दहा-बाराजणी तिथे जमायच्या, कारण हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात पाळी बदलताना रोग्याची हकीकत इंग्रजीतून सांगावी लागते, वेळेसकट. सरांनी पुठ्ठ्याचं एक घड्याळ केलं होतं. त्याचे काटे बोटाने फिरवत ते विचारायचे आणि पोरी ‘हाफ पास्ट’, ‘क्वार्टर टू’ म्हणत जिभेला व्यायाम द्यायच्या. आज ते ‘यस्टरडे’वर आले होते. प्रत्येकीने उठायचं आणि काल पाहिलेलं काहीतरी सांगायचं. राजनंदिनी काल संध्याकाळी मामाच्या गावाहून परतली होती. तिने ‘यस्टरडे इव्हनिंग आय सॉ वन ओल्ड मॅन’ इथवर मजल मारली आणि तिची इंग्रजी तिथे बसली. "सर, मराठीत सांगू का? लय भारी हाय." सरांनी मान हलवली. "जवळा बाजारच्या पुढं तांड्याचा फाटा हाय ना, मुक्कामी गाडी चार दिसांपासून सकाळ-सांज तिथूनच माघारी वळते. पूल खोदून ठेवलाय. तर तिथं एक म्हातारा बसला होता, एक मोठालं पोरगं घेऊन. कंडक्टर म्हणला, चढा बाबा, चढा. तर म्हातारा चढंच ना! गाडीकडं पाहिलं, पोराच्या तोंडात कायतरी टाकलं, तांब्यातलं पाणी पाजलं, आन निघाला की माघारी! कंडक्टर म्हणला, रोजचंच हाय याचं, गाडीचं दर्शन घ्यायला येतो."

सगळ्या खदखदल्या. सरही हसले आणि म्हणाले, आता हेच इंग्रजीत. पुजा हसू ओसरेपर्यंत खाली मान घालून बसली. तो म्हातारा तिचा बा होता, भीमसिंग. ते मोठालं पोरगं तिचा धाकटा भाऊ प्रेमदास. आणि तोंडात टाकलेलं ते कायतरी म्हणजे फिटची गोळी. हे तिथेच उठून सांगता आलं असतं. तोंड तिचं होतं, बाप तिचा होता. पण सोबतच्या पोरी हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत असताना ‘तो माझा बा आहे’ हे कोणत्या भाषेत सांगायचं? घरच्या गोरमाटी बोलीत सांगावं तर कुणाला कळणार नाही आणि मराठीत सांगावं तर सगळ्यांना कळेल. ती गप्प राहिली, आणि गप्प राहिल्याची लाज हसल्याच्या लाजेवर चढून बसली.

मुक्कामी गाडी म्हणजे तांड्याचं घड्याळ. दिवस बुडायच्या बेताला ती हिंगोलीहून यायची, सेवालाल महाराजांच्या देवळासमोर रात्रभर मुक्काम करायची आणि उजाडल्यावर जायची. ती आली की तांड्यातल्या बायका भाकरी थापायला बसायच्या, म्हातारे खाटा बाहेर काढायचे, आणि भीमसिंग पोराला गोळी द्यायचा. ही युक्ती पुजाचीच. डॉक्टर म्हणाले होते, सकाळ-संध्याकाळ, वेळ चुकवायची नाही. बाला घड्याळ येत नाही. तिने मोबाइलमध्ये गजर लावून दिला, तर गजर वाजला की बा फोन कानाला लावून "हॅलो, कोन बोलून राहिलं?" असं विचारायचा आणि पलीकडून कुणी बोलत नाही म्हणून रागावून फोन बंद करायचा. तेव्हा पुजाने गाडी शोधून काढली. गाडी गेली की एक, गाडी आली की एक. याडी, म्हणजे आई, तोवर ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायला लागली होती. दिवाळी झाली की तांडा रिकामा व्हायचा, मागे म्हातारी माणसं, शेळ्या आणि बा उरायचा. बाची कंबर एकदा मोळी चढवताना गेली ती गेलीच. तेव्हापासून घर त्याच्याकडे आणि प्रेमदासही. प्रेमदास अंगाने वाढला तरी अकलेने लहानच होता, तो गोळ्यांना नावं द्यायचा. सकाळची जाती गोळी, संध्याकाळची येती गोळी. नर्सिंग कॉलेजात पुजाने ही युक्ती बाईंना सांगितली तेव्हा बाईंनी तिची पाठ थोपटली होती. रोग्याच्या आयुष्यात जे आहे त्यालाच औषध बांधायचं, असं त्या वर्गाला म्हणाल्या होत्या. पुजाला तो दिवस अजून आठवायचा, आणि आठवला की थोडं बरं वाटायचं.

"पुजा, व्हॉट टाइम इज इट?" सरांनी पुठ्ठ्याचं घड्याळ तिच्यासमोर धरलं होतं. "क्वार्टर टू फोर, सर." "गुड." तिने खऱ्या घड्याळाकडे पाहिलं. तेही जवळपास तेच सांगत होतं. आत्ता उठलं आणि औंढ्याच्या नाक्यावर काळीपिवळी जीप मिळाली तर गाडीच्या आधी फाटा गाठता येईल. पण आज परीक्षा होती. शेवटी एकेकीने सरांसमोर रोग्याची हकीकत सांगायची आणि त्यातून तीन नावं आज संध्याकाळीच हैदराबादला जाणार होती. मध्येच उठेल ती गेली, असं सरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. आणि ही नोकरी काही तिला एकटीला नको होती. नोकरी लागली की प्रेमदासला तिकडे न्यायचं, मोठ्या डॉक्टरला दाखवायचं, तिथे गोळीसाठी गाडीची वाट पाहावी लागणार नाही. असा सगळा हिशेब तिच्या मनात कधीचा तयार होता, आणि आता तो तिच्या बाजूने भराभर बोलायला लागला. गोळी तर मिळून राहिली ना पोराला? मिळून राहिली. मग? कोसभर चालावं लागतंय, एवढंच. गाडी फाट्यावर थोडी मागेपुढे पोचत असेल, एवढंच. संध्याकाळी आपण त्याच गाडीने जाऊ, बाला समजावू, रात्री राहू, सकाळी परत येऊ. एवढंच. तिला माहीत होतं की ज्या गोष्टीच्या शेवटी तीनदा ‘एवढंच’ म्हणावं लागतं ती तेवढीच नसते. तरी ती बसून राहिली.

सर म्हणाले म्हणून सगळ्यांचे फोन दाराजवळच्या टोपल्यात होते. तिने हात वर केला, पाणी पिऊन येते म्हणाली आणि टोपल्यातून फोन उचलून जिन्यात गेली. बाचा फोन बंद. प्रेमदास त्याच्यावर गाणी ऐकून बॅटरी संपवायचा, हे नेहमीचंच होतं. मग तिने बाबूसिंगकाकाला लावला. काका टोळीचा मुकादम, तिकडे कुठल्या तरी कारखान्याच्या रांगेत ट्रॅक्टरवर उभा होता. "अगं पोरी, मी इथं दोनशे कोसावर! तांड्यात कोन हाय आता? सगळा तांडा तर फडात हाय. तुझ्या याडीला देऊ का फोन?" "न्हाई, नको," ती म्हणाली. "तिला काही सांगू नका." खाली दुकानात युरियाचा वास होता. जिन्याच्या भिंतीला टेकून ती उभी राहिली आणि तिला आभाळाचा दिवस आठवला.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आभाळ असं दाटलं होतं की दुपारीच कोंबड्या खुराड्यात शिरल्या. बाला वाटलं, सांज झाली, गाडी चिखलात कुठे अडली असेल, म्हणून त्याने गोळी देऊन टाकली. मग खरी सांज झाली, गाडी आली, आणि गाडी आली म्हणून त्याने आणखी एक दिली. प्रेमदास दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठला नाही. पुजा सुट्टीला म्हणून घरी पोचली तर हा असा पडलेला. तिला वाटलं, गेलाच. तो गेला नव्हता, नुसता झोपला होता, पण तिची भीती जागच्या जागी रागात फिरली आणि ती देवळासमोर, चार माणसांत, बावर ओरडली. "अक्कल न्हाई का तुले? म्या काय सांगितलं होतं? गाडी आल्याबिगर गोळीले हात लावायचा न्हाई! जग बुडालं तरी न्हाई!" बा ऐकत उभा राहिला. शिकलेली पोरगी. तांड्यातली पहिली. त्याने सगळ्यांसमोर स्वतःचे दोन्ही कान धरले आणि म्हणाला, "चुकलं माय. आता गाडी आल्याबिगर न्हाई." त्या वेळी तिला तो विजय वाटला होता. घड्याळात चावी भरल्यासारखा बा त्या दिवसापासून अचूक झाला. आता गाडी तांड्यात येत नाही म्हटल्यावर हा माणूस काय करणार? गाडीकडे जाणार. रोज दोनदा, मोडक्या कंबरेने, पोराला हाताला धरून, तांब्या घेऊन. तिला हे जिन्यात उभं राहून इतकं स्वच्छ कळलं की कुणी पाठीत ढकलल्यासारखी ती दोन पायऱ्या खाली उतरली. मग वरून सरांचा आवाज आला, "पुजा जाधव! नेक्स्ट!" आणि ती वर गेली. खाली जाणारे पाय वर कसे गेले, हे तिने नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं.

परीक्षा तिने सुंदर दिली. हे सांगायलाच हवं, कारण ती खरोखर सुंदर दिली. सर डॉक्टर झाले होते आणि कपाळाला आठ्या घालून विचारत होते. रोगी कधी आला? शेवटचं औषध कधी दिलं? ताप कधीपासून आहे? पुढचं औषध कधी द्यायचं? ती न अडखळता सांगत गेली. काल रात्रीपासून, दोन तासांपूर्वी, जेवणाच्या आधी, अजून नाही. इंग्रजीत वेळ किती नीट कापून ठेवलेली होती! प्रत्येक तुकड्याला नाव, प्रत्येक तुकडा आपल्या जागी. सर म्हणाले, "एक्सलंट." राजनंदिनीने टाळ्या वाजवल्या. तिच्या मनात काही पाप नव्हतं. तिचंही नाव गेलं, पुजाचं पहिलं गेलं. पुजाला आनंद झाला. तो झाला हे तिला लपवता आलं नाही, आणि तो घेऊनच ती बसस्टँडकडे धावली.

गाडी लागलेली होती. खिडकीची जागा मिळाली. शेतं मागे सरायला लागली तशी ती मनातल्या मनात बाशी बोलायला लागली. आधी रागावायचं नाही. आधी पाया पडायचं, नाव निघाल्याचं सांगायचं, मग हळूच म्हणायचं, बा, गाडी न्हाई आली तरी देत जाय. सूर्य बुडाला की देत जाय. इतकं सोपं होतं ते. सूर्य काय, तो तर तांड्यावरही बुडतो. हे तेव्हाच का सुचलं नाही? आभाळाचा दिवस होता म्हणून? की बाने कान धरले ते पाहताना बरं वाटलं म्हणून?

जवळा बाजारला गाडी अडकली. आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. कापसाचे ट्रॅक्टर आडवेतिडवे लागले होते, बाजार उठून माणसं रस्त्यावर आली होती, कुणाची तरी कोकरं गाडीच्या चाकांमधून सैरावैरा पळत होती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मग वाजवायचा सोडून दिला आणि तंबाखू मळायला घेतली. "रोज वखतावर जातो आपुन," तो कुणाला तरी सांगत होता, "बाजाराच्या दिवशी मात्र देवाच्या हातात." पुजा उठून दारापर्यंत गेली, परत आली. समोरच्या भिंतीवर ऊन होतं ते वर वर सरकत गेलं आणि पत्र्यांवरून निघून गेलं. इथून फाटा चालत जाण्याइतका जवळ नव्हता आणि बसून राहण्याइतका लांबही नव्हता. तिला दिसत होतं, बा आत्ता फाट्यावर बसलेला असणार. गोळी कागदातून काढून मुठीत धरलेली असणार. रस्त्याच्या ज्या टोकाकडून गाडी येते तिकडे नजर लावून. सूर्य बुडाला काय नि उगवला काय, तो देणार नाही. जग बुडालं तरी नाही.

फाट्यावर गाडी पोचली तेव्हा दिवे लावावे लागले नव्हते, पण लावले असते तर चाललं असतं. पुजा गाडी थांबायच्या आत उतरली. मुरमाच्या ढिगाजवळ बा बसला होता आणि प्रेमदासचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. अठरा वर्षांचं धडधाकट पोरगं. तोंडाला फेस, डोळे पांढरे, एक हात अजून झटके देत होता, विहिरीवरच्या दोरासारखा. बाने आधी गाडीकडे पाहिलं आणि मगच तिच्याकडे. त्याचा चेहरा उजळला.

"आली. म्या म्हनलंच, येईल."

"बा! कधीपासून असा हाय हा?"

बाने विचार केला. पोरगी शिकलेली, तिला बरोबर उत्तर द्यायला हवं. त्याने बोट करून मैलाच्या दगडाकडे दाखवलं. "त्या दगडाची सावली हितं आली होती, या काटेरी झुडपापाशी. तवा पहिली आली. मंग निवला. मंग सावली निघून गेली, तवा दुसरी. मंग शेळ्या गेल्या. मंग ही. मधात काई उठलाच न्हाई."

पुजाने त्या झुडपाकडे पाहिलं. सावली आता कुठेच नव्हती. दवाखान्यात पहिला प्रश्न हाच विचारणार होते आणि तिला आत्ताच, दुपारीच, या प्रश्नाचं उत्तर देण्याबद्दल ‘एक्सलंट’ मिळालं होतं. तिने प्रेमदासला कुशीवर वळवलं, पदराने तोंड पुसलं. तिचे हात शिकलेलं सगळं करत होते. बाने मूठ उघडली. घामाने गोळीचा चुना झाला होता, पण बराचसा भाग शाबूत होता.

"देऊ का आता? गाडी तर आली."

"नको बा. शुद्धीत न्हाई तो. घशात अडकंल."

बाने लगेच मूठ मिटली. का, म्हणून विचारलंसुद्धा नाही.

कंडक्टरला काही सांगावं लागलं नाही. तोच खाली उतरला होता, आणि काल दर्शनाचा विनोद करणारा तो हाच असला तर आज त्याने प्रेमदासचे पाय धरले. गाडी वळली. उतरायची होती ती माणसं गुमान खाली उतरली. मागच्या लांब बाकावर प्रेमदासला आडवं केलं, पुजा खाली गुडघ्यांवर बसली, त्याच्या मनगटावर बोटं ठेवून, आणि बा त्याच्या पायाशी. ड्रायव्हर गाडी पळवत होता. गेल्या चार दिवसांत किती गोळ्या उशिरा मिळाल्या, किती वेळा पोरगं उन्हातून चाललं, हे विचारायची तिला हिंमत झाली नाही. बा सांगत होता, आपणहून, अभिमानाने. "एक बी चुकवली न्हाई म्या. काल गाडी लय येळ आली न्हाई, तर बसून राहिलो. भूक लागली म्हनला, तर म्हनलं, आधी गोळी. पुजाबाईनं सांगितलंय." बाजारातली गर्दी आता पांगली होती. तरी कुणाची तरी बैलगाडी आडवी आली आणि ड्रायव्हरने ब्रेक लावला. गाडी थांबली तसं बाने मान वर केली.

"आता?"

"न्हाई बा. अजून न्हाई."

पुन्हा एकदा झटका आला, लहानसा. पुढे एका वळणावर गाडी पुन्हा हळू झाली, आणि बाने पुन्हा मूठ थोडी सैल केली. "आता देऊ?" ती नाही म्हणाली. औंढ्याच्या अलीकडे कुठेतरी तिच्या बोटांखालचं मनगट थांबलं. आधी तिला वाटलं, रस्ता खराब आहे म्हणून लागत नाही. तिने मानेला बोटं लावली. मग छातीवर दोन्ही तळवे टेकून ती दाबायला लागली, शिकवलं होतं तसं, मोजत. मोजत होती ती इंग्रजीत, कारण शिकवलं तेच इंग्रजीत होतं. मोजता मोजता तिचे खांदे भरून आले, मनगटं वाकली, कंडक्टरने तिला बाजूला करून थोडा वेळ स्वतः दाबलं, मग पुन्हा तिने. प्रेमदासचं तोंड थोडं उघडं होतं आणि चेहरा निवांत होता. आभाळाच्या दिवशी झोपला होता तसाच. पण त्या दिवशी त्याचा श्वास चालू होता. आज तिचे हात आपोआप थांबले.

गाडी दवाखान्याच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर आत हाका मारत पळाला. गाडीत अगदी शांत झालं. इंजिनही बंद झालं. मागून बाचा आवाज आला, हळू, कुणाला त्रास नको म्हणून विचारावं तसा.

"माय, गाडी थांबली. आता?"

पुजाने त्याच्याकडे पाहिलं. मूठ घट्ट मिटलेली होती, दुसऱ्या हातात तांब्या, आणि त्यातलं पाणी त्याने एवढ्या धक्क्यांतही सांडू दिलं नव्हतं. तिला ओरडायचं होतं, त्याच्यावर नाही. तिने भावाच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"दे, बा," ती म्हणाली. "आता दे."